फवारणीच्या पंपाची गाळणी

आपल्या घरात गाळण्या किती असतात, हे कधी मोजले आहे का? चहाची गाळणी असते. पिठाची चाळणी असते. पाण्याच्या हंड्यावर फडके असते. ताक गाळायचे तर पातळ कापड घेतात. काहीच हाताशी नसेल, तर लुगड्याचा पदर असतोच. गाळून घेणे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागत नाही.

गाळण्याने केवढे काम होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. वडीलधाऱ्या माणसांना नारू आठवत असेल. हात-दीड हात लांब जंत पायातून बाहेर यायचा. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा. नारूचे पिल्लू पाण्यातल्या एका बारीक किड्याच्या पोटात असे. तो किडा पिण्याच्या पाण्यातून माणसाच्या पोटात जाई. या रोगावर औषध नव्हते, लसही नव्हती. मग सरकारने आणि कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगितले, पाणी कापडाने गाळून प्या, पायविहिरीत उतरू नका. लोकांनी ऐकले. १९९६ नंतर आपल्या देशात नारूचा रोगी सापडला नाही. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्या लढाईत साध्या फडक्याचा मोठा वाटा होता.

आज आम्ही तुम्हाला अशाच एका साध्या गाळणीची माहिती सांगणार आहोत. ती स्वयंपाकघरात नसते. ती फवारणीच्या पंपात असते.

खुंटीला टांगलेली जाळी

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या गावात आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. चौथीपर्यंत तो आमच्या हाताखाली शिकला. पुढे शाळा सुटली, आणि तो शेतात राबू लागला. एका वर्षी पावसाळा सरत आला होता. ऊन तापले होते. कपाशी छातीला लागली होती. पोरगा पाठीवरचा पंप घेऊन सकाळपासून फवारत होता. दुपारपर्यंत नोझल सहा वेळा तुंबले. दर वेळी त्याने नोझल काढले, तोंडाला लावले, आणि जोराने फुंकर मारली. फुंकर मारली की कचरा निघे. फवारा पुन्हा सुरू होई.

संध्याकाळी त्याला गरगरू लागले. अंगाला दरदरून घाम सुटला. तोंडाला लाळ आली. उलट्या झाल्या. डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागले. घरच्यांनी वेळ न घालवता त्याला दवाखान्यात नेले, आणि औषधाचा रिकामा डबाही बरोबर नेला. डबा पाहून डॉक्टरांना विष ओळखता आले. चार दिवसांनी पोरगा घरी आला. त्याचे आयुष्य बळकट, म्हणून तो वाचला.

आम्ही त्याला भेटायला गेलो, तेव्हा पंप ओसरीत पडला होता. झाकण उघडून पाहिले, तर तोंडाची जाळी नव्हती.

आम्ही विचारले, "जाळी कुठं गेली रे बाबा?"

तो म्हणाला, "गोठ्यात खुंटीला टांगलीय गुरुजी. तिच्यातून पाणी लई हळू उतरतं. पंप भरायला येळ लागतो. म्हणून काढून ठेवली व्हती."

आम्ही घरी आलो आणि पाटीवर हिशेब मांडला. पंप सोळा लिटरचा. एकरी दहा पंप लागतात, असे धरू. जाळीमुळे दर पंपाला दोन मिनिटे जास्त लागली, तर एकराला वीस मिनिटे झाली. आता दुसरी बाजू पाहा. नोझल सहा वेळा तुंबले. दर वेळी पाच मिनिटे गेली, म्हणजे तीस मिनिटे झाली. त्याशिवाय दवाखान्याचे चार दिवस गेले, आणि आईच्या डोळ्याला पाणी आले. वीस मिनिटे वाचवायला गेला, आणि जीव घालवून बसला असता.

अशा गोष्टी एखाद्या गावापुरत्या नाहीत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली. त्यात कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला कारणे पुष्कळ होती. कपाशी डोक्याइतकी वाढली होती, औषधे एकात एक मिसळली होती, अंगावर संरक्षण नव्हते. एकट्या गाळणीने ते सगळे टळले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण विष अंगात शिरायच्या जेवढ्या वाटा आहेत, त्यांतली एक वाट तोंडातून जाते. ती वाट गाळणी बंद करते. नोझल तुंबलेच नाही, तर फुंकर मारायची पाळी येत नाही.

पंपात गाळण्या कुठे असतात

नोझलचे भोक फार बारीक असते. पुष्कळ नोझलांचे भोक एक मिलिमीटरच्या आसपास, किंवा त्याहूनही लहान असते. वाळूचा एक कण त्यात बुचासारखा बसतो. म्हणून पंप करणाऱ्याने वाटेत ठिकठिकाणी गाळण्या ठेवलेल्या असतात.

पाठीवरच्या पंपात पहिली जाळी टाकीच्या तोंडाला असते. ती परडीसारखी दिसते. पाला, काडी, चिखलाचे ढेकूळ ती अडवते. बॅटरीच्या पंपात टाकीच्या तळाशी, मोटर पाणी ओढते त्या तोंडालाही एक लहान जाळी असते. पुष्कळ पंपांत हाताच्या खटक्यात एक जाळी असते. शेवटची जाळी नोझलच्या मागे असते. ती अंगठ्याएवढीही नसते, पण शेवटची राखण तीच करते.

आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा आहेत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जालना तालुक्यातले कडवंची गाव द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. बागेला पाठीवरचा पंप पुरत नाही. तिथे ड्रम, इंजिन आणि लांब नळी असते. त्याला आपण एचटीपी म्हणतो. त्याच्या ओढनळीच्या टोकाला जाळी असते. पण शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ असते. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाचे पाणी गाळाचे असते. अशा पाण्याला एक जाळी पुरत नाही. म्हणून ड्रम आणि पंप यांच्यामध्ये आणखी एक फिल्टर बसवावा. ठिबक असलेल्या शेतकऱ्याला फिल्टर नवा नाही. ठिबकचे छिद्र तुंबू नये म्हणून तो जे करतो, तेच इथे करायचे आहे.

एक नियम नेहमी लक्षात ठेवावा. आधी जाड गाळणी, मग बारीक गाळणी. सगळ्यात बारीक जाळी नोझलजवळ असावी, आणि तिचे छिद्र नोझलच्या भोकापेक्षा लहान असावे. छिद्र मोठे असले, तर कण जाळीतून पार होईल आणि भोकात अडकेल.

जाळीवरचा आकडा

जाळी घ्यायला दुकानात गेलात, की तिच्यावर किंवा खोक्यावर आकडा दिसेल. ५०, ८०, १०० असे आकडे असतात. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. त्याचा उपयोग करा.

या आकड्याला मेश म्हणतात. एक इंच लांबीत जाळीला किती भोके आहेत, ते हा आकडा सांगतो. ५० म्हणजे इंचात पन्नास भोके. १०० म्हणजे इंचात शंभर भोके. आकडा मोठा, म्हणजे भोक लहान. हे उलटे वाटते, पण नीट विचार केला की पटते. एका भाकरीचे चार तुकडे केले तर मोठे होतात, आणि आठ केले तर लहान होतात, तसेच हे आहे. ५० मेशचे भोक मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे असते. १०० मेशचे भोक त्याच्या निम्मे असते.

मग सगळीकडे १०० ची जाळी लावावी का? नाही. पाण्यात मिसळायची भुकटी असेल, तर फार बारीक जाळी औषधच अडवते. मग पिकाला नुसते पाणी मिळते, आणि औषध जाळीवर लेप होऊन बसते. साधारणपणे भुकटीला ५० ची जाळी ठीक पडते. पूर्ण विरघळणारे औषध आणि बारीक नोझल असेल, तर ८० किंवा १०० ची जाळी चालते. पंपाबरोबर किंवा नोझलबरोबर जो कागद मिळतो, त्यात जाळीचा आकडा दिला असेल, तर तोच पाळावा.

फिल्टर कसा बसवावा

आता एचटीपीच्या ओढनळीवर फिल्टर बसवायची रीत सांगतो. आधी एक सूचना ऐका. ठिबकचा प्लॅस्टिकचा फिल्टर पंपाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे फवारा जातो त्या नळीवर, कधीही लावू नका. तिथे दाब फार असतो. तो फिल्टर फुटेल, आणि विषारी पाणी तोंडावर उडेल. पुढच्या बाजूला लावायचा फिल्टर तेवढ्या दाबासाठी केलेलाच हवा. ओढनळीवर दाब नसतो. तिथे साधा फिल्टर चालतो.

दुसरी गोष्ट. ओढनळीवरची जाळी फार बारीक नको, आणि फिल्टर लहान नको. पंपाला पाणी ओढता आले पाहिजे. बारीक नळीने उसाचा घट्ट रस ओढून पाहा, गाल दुखतात. पंपाचेही तसेच होते. म्हणून फिल्टर नळीच्या मापाचा किंवा त्याहून मोठा घ्यावा.

काम सुरू करताना इंजिन बंद करावे. बंदुकीचा खटका दाबून नळीतला दाब सोडून द्यावा. ड्रम रिकामा आणि धुतलेला असावा. हातात रबरी मोजे घालावेत.

फिल्टरची जागा अशी निवडावी, की हात सहज पोचेल आणि डोळ्यांना सहज दिसेल. अडचणीच्या जागी बसवलेला फिल्टर कोणी साफ करत नाही. त्याची वाटी खाली यावी, म्हणजे कचरा वाटीत साचतो. फिल्टरच्या आधी, ड्रमच्या बाजूला एक कॉक बसवावा. ड्रम भरलेला असताना फिल्टर उघडायची वेळ आली, तर कॉक बंद करता येतो. कॉक नसला तर सगळे औषध अंगावर येईल.

नळी धारदार पात्याने सरळ कापावी. कापलेल्या तोंडाचे कोर काढून टाकावेत. नाहीतर तेच कोर पुढे जाऊन पंपात अडकतात. फिल्टरच्या अंगावर बाण असतो. पाणी जिकडे जाते, तिकडे बाणाचे टोक करावे. इथे बाण पंपाकडे हवा. फिल्टर उलटा बसवला, तर कचरा जाळीच्या नको त्या बाजूला साचतो, आणि जाळी उघडताच तो पंपाच्या वाटेला लागतो.

आट्यांवर पांढरी टेप गुंडाळावी. आटे ज्या बाजूने आवळतात, त्याच बाजूने तीन-चार वेढे द्यावेत. अगदी पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचा तुकडा आत जाणार नाही. वाटीचा वायसर त्याच्या खाचेत नीट बसला आहे का, ते पाहावे. वाटी हातानेच आवळावी. पान्याने आवळली, तर ती तडकते. नळीला दोन्ही बाजूंनी क्लॅम्प घालावेत. ओढनळीचे टोक ड्रमच्या तळाला टेकवू नये. ते चार बोटे वर ठेवावे, कारण गाळ तळाशी बसतो.

सगळे झाल्यावर ड्रममध्ये नुसते स्वच्छ पाणी भरावे. नोझल काढून थोडा वेळ पाणी सोडावे, म्हणजे नळीतली घाण निघून जाईल. मग नोझल लावून पंप हळू चालवून पाहावा. ओढनळीवर सांधा सैल असला, तर पाणी बाहेर गळेलच असे नाही. तो सांधा बाहेरची हवा आत ओढतो. मग वाटीत बुडबुडे दिसतात, दाबाचा काटा थरथरतो, फवारा उचक्या देतो. असे दिसले, की पंप बंद करून सांधा पुन्हा आवळावा.

गाळणी बोलते, ती वाचावी

गाळणी उघडली, की लगेच धुऊन टाकू नका. आधी तिच्यात काय साचले, ते पाहा. गाळणी आपल्याशी बोलत असते.

वाळू दिसली, तर तुम्ही तळाचे पाणी उपसले आहे. हिरवे शेवाळ दिसले, तर ते शेततळ्यातून आले आहे. ओढनळीचे टोक पाण्याच्या वरच्या थरात, पण तरंगणाऱ्या शेवाळाच्या खाली धरा. काळे रबरी कण दिसले, तर तुमची नळी किंवा वायसर आतून झिजला आहे. पांढऱ्या गाठी दिसल्या, तर भुकटी नीट कालवली नाही. भुकटी एकदम ड्रममध्ये टाकू नये. बादलीत थोडे पाणी घेऊन, काठीने ढवळून, पिठल्याच्या पिठासारखी ती कालवावी. मग जाळीतून ड्रममध्ये ओतावी. आणि दह्यासारखा चोथा दिसला, तर तुम्ही दोन न जुळणारी औषधे एकत्र केली आहेत. जाणत्याला विचारल्याशिवाय औषधे मिसळूच नयेत.

मोसंबीवाल्या शेतकऱ्यांना बोर्डो मिश्रण माहीत आहे. झाडाला डिंक्या होऊ नये म्हणून ते वापरतात. त्याची कथा मजेची आहे. फ्रान्स देशात बोर्डो नावाचे शहर आहे. तिथे रस्त्याकडेची द्राक्षे लोक चोरून खात. म्हणून मळेवाले वेलींवर चुना आणि मोरचूद लावत. वेल निळी दिसली, की चोर हात लावत नसे. १८८२ साली मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिले, की या निळ्या वेलींवर केवडा रोग पडला नाही. पुढे १८८५ साली त्याने हे औषध लोकांसमोर मांडले. चोरासाठी केलेला लेप रोगावरचे औषध ठरला.

एक टक्का बोर्डो करायला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. दोन्ही वेगळे भिजवून मग एकत्र करतात. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घेतात, लोखंडाचे घेत नाहीत. चुन्यात खडे फार असतात. म्हणून चुन्याची निवळी आधी कापडाने गाळलीच पाहिजे. निंबोळी अर्काचेही तसेच. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, सकाळी कापडाने पिळून गाळली, की त्याचा अर्क शंभर लिटर पाण्याला पुरतो. न गाळता वापरला, तर दर ओळीला नोझल तुंबेल.

इथे मायबहिणींना एक विनंती आहे. पाणी भरायचे आणि गाळायचे काम पुष्कळदा तुम्हीच करता. औषध गाळलेले फडके पुन्हा घरात आणू नका. त्याने भांडे पुसू नका, लेकराचे तोंड पुसू नका. ते फडके औषधाच्या सामानाबरोबर वेगळेच ठेवा.

आणि गाळणीला काय जमत नाही, तेही समजून घ्या. गाळणी कचरा अडवते. पाण्याचा खारटपणा तिला काढता येत नाही. गढूळ पाण्यातली फार बारीक मातीही ती अडवत नाही. काही तणनाशके अशा मातीला चिकटतात, आणि त्यांचा जोर जातो. म्हणून गढूळ पाणी रात्रभर निवळू द्यावे, आणि वरचे घ्यावे.

निगा कशी राखावी

फवारा अचानक बारीक झाला, किंवा एका बाजूलाच पडू लागला, तर गाळणी नाहीतर नोझल तुंबले असे समजावे. बॅटरीच्या पंपात आणखी एक खूण असते. मोटर नुसतीच घरघरते आणि फवारा येत नाही, तेव्हा बहुधा टाकीतली जाळी तुंबलेली असते. मोटर सारखी बंद-चालू होते, तेव्हा बहुधा पुढची नळी किंवा नोझल तुंबलेले असते.

अशा वेळी पंप बंद करा. खटका दाबून दाब सोडा. मोजे घाला. जाळी काढून स्वच्छ पाण्यात बुडवा, आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने आतून बाहेर घासा. त्या ब्रशला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरात कोणी चुकून तो वापरणार नाही. तार, सुई, बाभळीचा काटा घालू नका. त्याने जाळी फाटते, आणि नोझलचे भोक मोठे होते. भोक मोठे झाले, की औषध जास्त जाते, पैसा जातो, आणि पीकही करपते.

नोझल झिजले की नाही, ते कसे ओळखावे? नव्या नोझलचे पाणी एक मिनिट मापात धरा. समजा ६०० मिलिलिटर भरले. मग जुन्याचे त्याच दाबावर धरा. ते ६६० च्या वर गेले, म्हणजे दहावा हिस्सा वाढले. तेव्हा ते नोझल टाकून द्यावे.

शेतात जाताना एक जादा नोझल आणि एक जादा जाळी डबीत घालून न्यावी. तुंबलेले काढावे आणि चांगले लावावे. तुंबलेले पाण्यात टाकून ठेवावे, आणि काम संपल्यावर साफ करावे. शेतात फुंकर मारायची गरजच उरत नाही.

काम संपल्यावर टाकी, नळी आणि सगळ्या जाळ्या तीन वेळा धुवाव्यात. ते पाणी त्याच पिकावर फवारून टाकावे. विहिरीजवळ, नाल्यात, जनावरांच्या हौदाजवळ पंप कधीही धुऊ नये. आठवड्यातून एकदा जाळी उन्हाकडे धरून पाहावी. कुठे फाटली असेल, तर उजेडाचा मोठा ठिपका दिसतो. फाटकी जाळी शिवू नये, बदलावी. हंगाम संपला, की वायसर पाहावेत. कडक झालेले काढून नवे घालावेत. जाळ्या कोरड्या करून पंपातच बसवून ठेवाव्यात. खुंटीवर नको.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. टू-फोर-डी नावाचे तणनाशक कपाशीला फार बाधते. त्याचा थोडा अंश जाळीत किंवा वायसरच्या खाचेत राहिला, तरी कपाशीची पाने आकसतात. पुष्कळ लोक टाकी धुतात आणि जाळी धुवायची विसरतात.

विषबाधा झालीच तर

माणसाला गरगरले, घाम सुटला, मळमळले, तर त्याला ताबडतोब फवारणीतून बाहेर काढावे. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे. मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. १०८ वर फोन करून गाडी बोलवावी. औषधाचा डबा दवाखान्यात बरोबर न्यावा. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धास्त असे नव्हे. त्यातही विष आहेच.

आमचा तो विद्यार्थी आता बरा आहे. आम्हाला मात्र एक गोष्ट लागून राहिली. चार वर्षे आम्ही त्याला धडे वाचायला शिकवले, कविता पाठ करायला लावल्या. पण औषधाच्या डब्यावरचे वाचून घ्यावे, हे कधी शिकवले नाही. पंपाच्या टाकीवर लिहिलेली सूचनाही वाचून घेतली नाही. ही चूक आमची होती. म्हणून हा धडा लिहिला.

परवा त्याच्या शेताकडून जाणे झाले. आम्हाला पाहून तो थांबला, पंपाचे झाकण उघडले, आणि हसून म्हणाला, "पाहा गुरुजी, जाळी जागेवर हाय."

आम्ही म्हटले, "आणि जादा नोझल?"

त्याने बांधावरच्या पिशवीतून डबी काढून दाखवली.

तुम्हीही आज घरी गेल्यावर पंपाचे झाकण उघडून पाहा. जाळी नसेल, तर उद्याच आणून बसवा. काही अडले, तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. विचारायला पैसा पडत नाही. आणि कधी नोझल तुंबलेच, तर ते तोंडाजवळ नेण्याआधी दारात वाट पाहणाऱ्या लेकरांचे तोंड आठवा.